टोपलीमागे बसण्याची लाज

आश्विन महिना अर्धा सरला की उज्जैनच्या बाजारात सीताफळे दिसू लागतात. गोपाळमंदिरासमोरच्या छत्री चौकात, फ्रीगंजात टॉवरच्या आसपास, आगर रस्त्याच्या कडेला, जेथे म्हणून दोन हात जागा मिळेल तेथे टोपल्या मांडल्या जातात. सीताफळांच्या मागोमाग शिंगाडे येतात, भुईमुगाच्या ओल्या शेंगा येतात, आवळे येतात आणि दिवाळी उलटली की ज्यांना आपण घरात पेरू म्हणतो व येथील लोक जाम म्हणतात, ती फळे येतात. यांतील पुष्कळसा माल मोठ्या बागाइतदारांचा नसतो. कोणाच्या विहिरीकाठची दहा झाडे, कोणाच्या बांधावरची चार, अशा लहान लहान ठिकाणांहून तो आलेला असतो, आणि तो विकावयास बसलेली माणसेही बहुधा त्याच घरची असतात.

गेल्या दिवाळीच्या सुटीत अशाच एका टोपलीमागे मला आपल्या शाळेतील आठवीच्या वर्गातला एक विद्यार्थी दिसला. त्याने मला पाहिले आणि तो एकदम खाली वाकला. पोत्याखाली काही शोधीत आहे असे त्याने दाखविले व मी पुढे जाईपर्यंत मान वर केली नाही. मीही चुकले, थांबून दोन फळे घ्यावयाची सोडून, त्याला अवघड वाटू नये अशा समजुतीने रस्त्याच्या पलीकडून निघून गेले. शाळा उघडल्यावर मी त्या वर्गास ‘सुटीत मी काय केले’ हा निबंध दिला. त्याने लिहिले की, तो इंदुरास मामांकडे गेला होता व तेथे त्याने राजवाडा पाहिला. निबंधाची भाषा निर्दोष होती. मी त्याला दहापैकी सात गुण दिले. ते सात गुण तेव्हापासून मला टोचत आहेत.

त्या मुलाने खोटे का लिहिले? कोणी त्याला टोपलीमागे बसल्याबद्दल मारले नव्हते, की रागावलेही नव्हते. त्याचे वडील प्रामाणिक गृहस्थ आहेत आणि फळे त्यांच्या स्वतःच्या झाडांची होती. परंतु विकणे हे हलके काम आहे, ते करताना आपल्या बाईंनी आपणांस पाहणे ही नामुष्की आहे, ही समजूत त्याच्या मनात कोणी तरी घातली असली पाहिजे. ती घालणाऱ्यांत आपण सगळे आहोत, आणि म्हणूनच हा लेख विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या आईवडिलांसाठीही लिहीत आहे.

माळव्यातील आपल्या मराठी कुटुंबांचा इतिहास पाहिला तर ही समजूत कोठून आली ते ध्यानात येते. शिंद्यांची राजधानी एके काळी उज्जैनीस होती. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ती ग्वाल्हेरीस नेली. राजधानी गेली तरी अनेक घरे येथेच राहिली. कोणी कारकून, कोणी उपाध्याय, कोणी शिक्षक, कोणी वकील झाले. ज्यांच्याकडे थोडीफार इनामी जमीन होती ते ती दुसऱ्यांकडून कसवीत. पुढे १९५१ साली मध्य भारतात जहागिरी रद्द करणारा कायदा झाला आणि अनेकांच्या हाती विहिरीभोवतालचा एखादा तुकडा तेवढा उरला. जमीन आखडली, पण ऐट तशीच राहिली. दुसऱ्याच्या दुकानाचे हिशेब लिहावेत, परंतु आपण तागडी हाती धरू नये, असा काहीसा दंडक या घरांतून पाळला गेला. ज्या घरांत तुकोबांची गाथा भक्तिभावाने वाचली जाते त्याच घरांत हे चालते, याचे मला नवल वाटते. तुकोबा देहूस दुकान चालवीत होते, आणि अरणच्या सावता माळ्याने तर मळ्यातच विठ्ठल पाहिला!

हे मी लांबून बोलत नाही. माझ्या सासरीही दीड बिघ्याची अशी एक बाग आहे. तीत बावीस सीताफळे, काही जामाची झाडे, दोन आवळे आणि एक लिंबू आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या बागेतील फळ घरी फारसे येतच नसे, कारण बाग दरवर्षी ठेक्याने दिलेली असे. ठेक्याची रीत पुष्कळांस ठाऊक असेल. श्रावण-भाद्रपदात, फळ लिंबाएवढे असताना, ठेकेदार येतो, झाडांमधून एक फेरी मारतो, मनाशी काही आकडा मांडतो आणि एक रक्कम सांगतो. थोडा इसार देतो, बाकीचे पैसे तोडणीनंतर. त्या दिवसापासून झाडांवरील सर्व फळ त्याचे. राखण त्याची, तोडणी त्याची, नुकसानही त्याचे. विदर्भात संत्र्यांचे बहार असेच झाडावर विकले जातात, कोकणात आंब्याच्या बागाही दिल्या जातात. रीत जुनी आहे आणि तिच्यात उघड उघड वाईट असे काही नाही. ज्यांच्या घरी तोडणीला माणूस नाही, ज्यांचे मुलगे परगावी नोकरीस आहेत, त्यांना ती सोयीचीच आहे. परतीचा पाऊस झाला, वाघळांनी फळे खाल्ली, तर तोटा ठेकेदार सोसतो, हेही न्यायाने म्हटले पाहिजे.

तथापि सीताफळ हे फळ असे आहे की, त्याच्या बाबतीत हा सौदा मालकाला आंधळा करतो. त्यासाठी या फळाचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे.

नावावरून ते रामायणकाळापासून आपल्या अरण्यांत असेल असे वाटते. भारहुतच्या शिल्पांत आपणांस सीताफळ दिसले असे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७९ साली लिहिले, पण ते सर्व विद्वानांना पटले नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागात मानतात. पोर्तुगीजांनी जशी काजूची झाडे गोव्यात आणली, तसे हेही समुद्रमार्गे आले असावे असा सर्वसाधारण समज आहे. कसेही असो, येथील खडकाळ जमीन त्याने आपलीशी केली. त्याच्या पाल्याला शेळ्या तोंड लावीत नाहीत. म्हणून जेथे दुसरे झाड टिकत नाही अशा उघड्या डोंगरउतारावरही ते टिकते. मांडवगडच्या परिसरातील सीताफळे प्रसिद्ध आहेत. बीडच्या बालाघाट डोंगरांतील सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुण्याजवळच्या पुरंदर भागातील फळ सासवडच्या बाजारात येते. बार्शी तालुक्यातील गोरमाळे गावचे नवनाथ कसपटे यांनी तर कमी बियांचे व अधिक दिवस टिकणारे वाण निवडून काढले, आणि ते ‘गोल्डन’ या नावाने आता दूरवर पोचले आहे.

आपल्या साध्या गावठी सीताफळाची गोष्ट मात्र निराळी आहे. ते झाडावर पिकू दिले तर पाखरे व खारी ते ठेवीत नाहीत आणि उरलेले फुटून खाली पडते. म्हणून ते तयार होताच, परंतु टणक असतानाच, तोडावे लागते. तयार झाले हे ओळखावयाचे कसे? फळावरील खवल्यांच्या मधल्या भेगा रुंदावतात व तेथे पिवळट-पांढरा रंग दिसू लागतो. याला डोळे उघडणे म्हणतात. डोळे उघडलेले फळ तोडून गवताच्या अढीत ठेवले की दोन ते चार दिवसांत मऊ होते, आणि मऊ झाल्यावर त्याचा एखाद दिवसच भरवसा. थंड कपाटात ठेवाल तर साल काळी पडते व चव जाते. सफरचंदाप्रमाणे ते महिनोन्महिने शीतगृहात कोंडून ठेवता येत नाही. उलट, डोळे न उघडलेले कोवळे फळ तोडले तर ते पिकतच नाही. काळे पडून दगडासारखे राहते. एकाच झाडावरची फळेही एकाच दिवशी तयार होत नाहीत. म्हणजे चांगले सीताफळ हवे असेल तर त्या झाडाकडे तीन आठवडे, एक दिवसाआड, कोणी तरी गेले पाहिजे.

आता ठेकेदाराच्या बाजूने पाहा. त्याला राखणदाराची मजुरी रोज मोजावी लागते. एक दिवसाआड येऊन पंचवीस-तीस फळे तोडणे त्याला परवडत नाही. तो दोन फेऱ्यांत झाडे मोकळी करतो. तयार फळाबरोबर कच्चेही उतरते आणि एकाच टोपलीत बाजारात जाते. काही लोभी व्यापारी ते कॅल्शियम कार्बाइडने मऊ करावयास पाहतात. अशा रीतीने फळे पिकविण्यास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंदी घातलेली आहे, तरी हा प्रकार ऐकू येतोच.

आमच्या घरी हा सर्व प्रकार एका दिवशी फार मजेदार रीतीने उघडकीस आला. २०२१ च्या दसऱ्यानंतर सासूबाईंनी दारावरून जाणाऱ्या एका हातगाडीवाल्याकडून दोन किलो सीताफळे घेतली. ती चार दिवस गवतात ठेवली, सहा दिवस ठेवली. निम्मी फळे काही मऊ होईनात. पुन्हा तो हातगाडीवाला आला तेव्हा सासूबाईंनी त्याला चांगले सुनावले. तो बिचारा म्हणाला, “माँजी, मैं क्या करूँ, ये तो फलाने बगीचे का माल है।” आणि त्याने नाव घेतले ते आमच्याच बागेचे! पैसे मोजून आम्ही आमच्याच झाडांवरचे दगड घरी आणले होते.

त्या रात्री जेवताना मी म्हटले की पुढच्या वर्षी आपण आपली फळे आपणच विकू. सासरेबुवांचा घास हातातच राहिला. सासूबाई म्हणाल्या, “आणि रस्त्यावर कोण बसणार? तू?” मी ‘हो’ म्हटले. तेव्हा त्या आणखी काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस घरात कोणी कोणाशी मोकळेपणाने बोलत नव्हते.

मला त्यात संकोच वाटला नाही याचे श्रेय माझ्याकडे नाही, माझ्या आजीकडे आहे. माझे आजोळ गोव्यात, फोंड्याच्या बाजूस. आमच्याकडे गणेशचतुर्थीस मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली व बागेतली फळे बांधतात. तिला माटोळी म्हणतात. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगे, चिबूड, आंबाडे, केळीचे घड, असे त्या ऋतूत जे जे म्हणून झाडावेलींवर असेल ते तीत असते. चवथीच्या आधी दोन-तीन दिवस या वस्तूंचा मोठा बाजार भरतो, आणि त्यात खेड्यापाड्यांतील माणसे आपापल्या कुळागरातील व रानातील फळे घेऊन बसतात. कुळागर म्हणजे नारळ-सुपारीची, मधून केळी-मिरी लावलेली घराजवळची बाग. आजी सुपारीचे घोस व तोरिंगे घेऊन तेथे बसे. घरचे नऊवारी लुगडे, केसांत अबोलीची वेणी, आणि समोर केळीच्या पानावर मांडलेला माल. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तर ती हसून म्हणे की, हा घोस देवाच्या डोक्यावर जावयाचा आहे, पाहून बोल. दुसऱ्या दिवशी ती आरतीला उभी राही तेव्हा काल ही बाजारात बसली होती म्हणून कोणी तिला एक पाऊल मागे सरावयास सांगत नसे. ज्यांनी तिच्याकडून तोरिंगे नेली ते संध्याकाळी तिच्याच घरी प्रसादाला येत. विकणाऱ्या बाईची लाज वाटावी ही कल्पनाच मी प्रथम उज्जैनीस येऊन शिकले. (तिकडचे लोक लाजत नाहीत असे मात्र नाही, त्यांच्या लाजेची स्थळे निराळी आहेत.)

तर २०२२ च्या दसऱ्यापासून भाऊबिजेपर्यंत आम्ही आमची फळे विकली. त्याच दिवाळीच्या आधी, ११ ऑक्टोबर रोजी, महाकाल लोकाचे उद्घाटन झाले व शहरात यात्रेकरूंची गर्दी वाढू लागली. परंतु त्या गर्दीत जाऊन बसण्याचे धाडस आम्हांस झाले नाही. आम्ही पहिले चार दिवस घराच्या फाटकाशी एक बाक मांडला. फाटकाशी बसणे ही एक प्रकारची लपवालपवीच होती. आपण विकतो आहोत आणि विकतही नाही, असे. गिऱ्हाईक फारसे आले नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी टॉवर चौकाच्या एका बाजूस दोन टोपल्या घेऊन बसले. शेजारी शिंगाडे विकणारी एक म्हातारी होती. तिने प्रथम संशयाने पाहिले, मग तिनेच मला मोठी फळे वर व लहान खाली असे मांडू नये, सरमिसळ ठेवावीत, म्हणजे गिऱ्हाईक खालची उलथीत नाही, हे शिकविले. इतकी वर्षे शिकविण्याचा धंदा करून मला इतके नेमके कोणाला शिकविता आले असेल की नाही, शंका आहे.

हिशेब देते, कारण हिशेबाशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. बावीस झाडांवर तेराशेच्या आसपास फळे धरली होती. पाखरे, वाघळे, खारी यांनी खाल्लेली, फुटलेली व आमच्या चुकीने अढीत अति पिकलेली अशी तीनशे गेली. हजार फळांचे वजन सुमारे दीडशे किलो भरले. भाव आम्ही सर्व दिवस एकच, किलोस पन्नास रुपये, ठेवला. साडेसात हजार रुपये आले. टोपल्या, रिक्षाभाडे, तोडणीस मदत करणाऱ्या बाईची मजुरी व वजनकाटा शिक्का मारून घेण्याचा खर्च मिळून बाराशे गेले. हाती राहिले सहा हजार तीनशे. ठेकेदाराने आदल्या वर्षी चार हजार दिले होते. म्हणजे तीन माणसांच्या तीन आठवड्यांच्या खटाटोपाचे मोल तेवीसशे रुपये. सासरेबुवांनी हा आकडा दोनदा मोठ्याने वाचून दाखविला, आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. एवढ्या वेळात मी चार मुलांची शिकवणी घेतली असती तर अधिक मिळाले असते.

म्हणून स्वतः विकल्याने माणूस श्रीमंत होतो असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे पुढच्या वर्षी जे घडले त्यावर आधारलेले आहे. २०२३ च्या भाद्रपदात तोच ठेकेदार आला. नेहमीप्रमाणे फेरी मारून म्हणाला, “चार हजार, पाँच सौ ऊपर।” पूर्वी सासरेबुवा अशा वेळी आकाशाकडे पाहत व पाचशे वाढवून मागत. या वेळी त्यांनी वही काढली. विहिरीजवळची सहा झाडे इतर झाडांच्या दीडपट फळ धरतात, फळ सरासरी दीडशे ग्रॅमचे आहे, दसऱ्याच्या आठवड्यात कमी व दिवाळीच्या आठवड्यात जास्त उतरते, हे सारे त्यांनी त्याला वाचून दाखविले. ठेकेदार हसला व म्हणाला, “बाबूजी, अब आप भी बेपारी हो गए।” सौदा साडेपाच हजारांवर ठरला, आणि तोही अठरा झाडांचा, चार झाडे घरासाठी राखली. शिवाय डोळे उघडलेली फळेच तोडावयाची, चार फेऱ्या करावयाच्या, अशी अट त्याने मान्य केली. ती त्याने पुरती पाळली असे म्हणवत नाही, पण पुष्कळशी पाळली.

ही वही एका हंगामात टोपलीमागे बसल्यावाचून तयार झाली नसती. ठेकेदार आमच्याहून हुशार होता अशातला भाग नाही. आमच्या झाडांविषयी जे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते ते त्याला ठाऊक होते आणि आम्हांस नव्हते, एवढेच. ज्याला आपला माल स्वतः विकता येतो त्याच्याशी व्यापारी एका आवाजात बोलतो, आणि ज्याला विकण्याची लाज वाटते त्याच्याशी दुसऱ्या. लाज ही अशी किंमत वसूल करते. आमच्या घरात ती किती वर्षे वसूल होत होती, त्याचा हिशेब करण्यास आता साधन उरलेले नाही.

माझ्यावर एक आक्षेप येईल, व तो आमच्या शिक्षकखोलीत आलाही: मुलांनी अभ्यास करावयाचा की फळे विकावयाची? या आक्षेपाला मी मान देते. मूल शाळा बुडवून बाजारात बसले तर ते चूक आहे, मग घर कितीही गरजू असो. कायद्यानेही हीच सीमा आखली आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली तिने चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यास मनाई केली, पण घरच्या धोकारहित कामात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत हातभार लावण्यास मोकळीक ठेवली. या मोकळिकीचा गैरवापर होतो, हे मला ठाऊक आहे. शिक्षक म्हणून हजेरीपट पाहिला की कोणत्या महिन्यात कोणती मुले दिसेनाशी होतात ते कळते. तरीही दिवाळीच्या सुटीत दोन तास वडिलांजवळ बसून तोलणे, सुटे पैसे परत देणे, पिकलेले फळ आज विकावे व टणक उद्यासाठी ठेवावे हे ठरविणे, यात मुलाचे काही बिघडते असे मला वाटत नाही. शेकड्याने नफा काढण्याची गणिते फळ्यावर न सोडविता आलेली मुले टोपलीमागे ती तोंडी सोडवितात, हे मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट सांगावयाची ती विकत घेणाऱ्यांना. रस्त्यावर बसून विकणे हा गुन्हा नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे रक्षण करणारा कायदा संसदेने २०१४ साली केला, आणि त्यानुसार नगरांनी अशा लोकांची नोंद करून त्यांना जागा ठरवून द्यावयाची आहे. टॉवर चौकात मी जेथे बसले तेथून मला दोनदा उठविण्यात आले. मी शिक्षिका आहे असे कळताच तिसऱ्यांदा उठविले नाही. शेजारच्या म्हातारीला मात्र उठविले. मी तिच्या टोपलीचे एक कान धरून तिला पलीकडे नेले, आणि परत आपल्या जागी येऊन बसले. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. मांडवगडच्या वाटेवर आदिवासी बाया सीताफळांचे ढीग मांडून बसतात. त्यांच्यापाशी दुसरा पर्याय नसतो; माझ्यापाशी दरमहाचा पगार होता. म्हणून माझ्या तीन आठवड्यांचे फार कौतुक होऊ नये. मात्र मोटारीतून उतरून त्यांच्या ढिगावर दहा रुपये कमी करावयास लावणारे पुष्कळसे आपल्यासारखे सुशिक्षित कुटुंबवत्सल लोकच असतात, हे मी टोपलीच्या पलीकडल्या बाजूने पाहिले. मिठाईच्या दुकानात काचेआडच्या पेढ्याचा भाव आपण पाडून मागत नाही. ज्याच्याकडे काच नाही त्याच्याशीच आपली घासाघीस चालते. त्या हंगामात माझ्याशी सर्वांत अधिक घासाघीस केली ती माझ्याच एका विद्यार्थिनीच्या आईने. तिने मला ओळखले नव्हते. ओळखल्यावर ती सांगितलेल्या भावापेक्षा वीस रुपये जास्त देऊ लागली, ते मला आधीच्या घासाघिशीहूनही अधिक लागले.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी मी तो त्या आठवीच्या मुलास वाचावयास दिला. त्याच्याविषयी लिहिले आहे, तेव्हा त्याची संमती हवी, असे मी त्याला सांगितले. नको म्हणशील तर पहिले पान काढून टाकीन, असेही सांगितले. दोन दिवसांनी त्याने कागद परत आणून दिले. निबंधाविषयी तो काही बोलला नाही, मीही काढले नाही. पहिल्या पानावर काही खूण नव्हती. हिशेबाच्या पानावर मात्र त्याने समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते: “बाई, धनत्रयोदशी आणि त्याच्या आदल्या दिवशी भाव पन्नास ठेवायचा नसतो. आम्ही सत्तर लावतो आणि दुपारपर्यंत टोपली संपते.”